भासऱ्यांच्या फोनवर आलेला ओटीपी

आमच्या सानगडीच्या घरात सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी रीत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते अंगणात आले की मी डोक्यावर पदर ओढून आत जायची, आणि मी विहिरीवर असले की ते लांबूनच खाकरत, म्हणजे मला बाजूला होता यावं. निरोप असलाच तर तो जावेच्या तोंडून. "त्यांना म्हणावं, वासरू सुटलंय," असं मी जावेला सांगायची. जाऊ त्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायची. भासरे चार हातांवरच उभे असत, माझं बोलणं त्यांना आधीच ऐकू गेलेलं असे. तरी जावेनं सांगेपर्यंत ते जागचे हलत नसत. वासरू तोवर वांग्यांच्या वाफ्यात पोचलेलं असे.

हसू येतं आता. पण तेव्हा कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं, मलाही नाही. लग्न होऊन आले, मुलगी झाली, तिचं लग्न झालं, एवढ्या काळात भासरे माझ्याशी आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आम्ही राहायला लाखांदूरला होतो, कारण हे तिथल्या शाळेत मास्तर होते. दर हंगामाला सानगडीहून तांदळाची पोती यायची. पोत्यांबरोबर भासरे स्वतः यायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, भावाशी बोलायचे आणि पुढच्या एसटीनं परत जायचे. चहा मी आतून पाठवायची.

प्राप्तिकराची गोष्ट सांगायला बसले आणि भासऱ्यांपासून सुरुवात केली, कारण माझ्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत.

हे अचानक गेले. तेरवी सानगडीला झाली. जेवणं उरकल्यावर म्हातारी मंडळी ओसरीवर पानसुपारी घेऊन बसली आणि माझ्या आयुष्याचं काय करायचं ते ठरवू लागली. मी दाराआड होते. "बाईमाणसाले बँक-फिंक काय समजते? तिचा सारा व्यवहार आता मोठ्यानं पाहावं," असं एकजण म्हणाले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मोठा म्हणजे भासरे. ते खाली बघत बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला त्या गप्प बसण्याचा राग आला. मनात म्हटलं, मुकाट्यानं घेतात सगळं हातात. दुसऱ्याच आठवड्यात मी पासबुकं, कागद, सगळं पेटीत घालून लाखांदूरला निघून आले.

भासरे काही मागायला आले नाहीत. तांदळाची पोतीही त्या वर्षी पुतण्याच्या हाती आली. मी मात्र धास्तावलेलीच होते. कधीतरी येतील आणि म्हणतील, आण ते कागद.

मला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. ह्यांचे मिळालेले पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले. वर्षाअखेरीला पासबुक भरून आणलं, तर व्याजातून कर कापलेला. कर लागावा एवढं माझं उत्पन्न नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की तो परत मिळतो, मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. ह्यांचं काम करणारे एक टॅक्सवाले होते, बसस्टँडच्या बाजूला. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी कागद चाळले, फी सांगितली, परत मिळणाऱ्या रकमेतला हिस्साही सांगितला. ते मी ऐकून घेतलं असतं. पण पुढे म्हणाले, "पासवर्ड माझ्याकडेच राहीन. आणि बाई, पुढल्या वेळी कोनी माणूस संग आना. बाईमाणसाले समजावत बसाले टाइम नाही आपल्याजवळ."

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी टेबलावरचे कागद एकेक करून उचलले, पिशवीत ठेवले आणि म्हटलं, "राहू द्या. मी घरीच भरीन."

"घरी?" ते हसले. "भरा न!" बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. उन्हात घरी येताना माझे कान तापले होते, आणि ते काही उन्हामुळे नव्हते. परत त्या माणसाच्या दारात जायचं नाही, हे मी चप्पल काढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

पण भरायचं कसं? मी बारावी पास. बारावीनंतर इंग्रजीशी माझा संबंध औषधाच्या बाटल्यांवरच्या अक्षरांपुरता. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, कायले डोकं फोडून राहिली? देऊन टाक त्याला फी." तिला मी परत या विषयावर फोन केला नाही.

सरकारची साइट मोबाइलवर उघडली. वर मराठीचं बटण होतं ते दाबलं. जरा आत गेले तर पुन्हा इंग्रजी. हरकत नाही म्हटलं. एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा, अडला तर अर्थ शोधायचा, मग पुढे. भाजी परतायला उठलं की साइट मला बाहेर काढायची आणि परत आल्यावर पुन्हा पासवर्ड मागायची. एकदा वरण करपलं. त्या दिवसापासून मी आधी स्वयंपाक उरकायची आणि मग कराला बसायची.

आणि खरं सांगते, मी त्या साइटपुढे हात जोडले. पॅन क्रमांक टाकून आत गेल्यावर फॉर्म उघडला तो अर्धा भरलेलाच. माझं नाव, जन्मतारीख, निवृत्तिवेतन, बँकेचं व्याज, कापलेला कर, सगळं आधीच लिहून ठेवलेलं. मी आपली समजत होते की टॅक्सवाले खोलीत बसून काही मोठी विद्या करतात. इथे माझं काम एवढंच की पासबुक शेजारी धरायचं आणि आकडा आकड्याशी ताडून पाहायचा. एका ठेवीचं व्याज तिथे दिसत नव्हतं, ते मी स्वतः घातलं. लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं कदाचित, पण फुकटात मिळालेल्या सोयीशी खोटं बोलावंसं वाटलं नाही. आणि या सगळ्याला दमडीही लागत नव्हती. कोणाच्या ओळखीची गरज नव्हती. 'कोनी माणूस संग आना' असं त्या साइटनं मला एकदाही म्हटलं नाही. वडिलांचं नाव मागितलं, तेवढं एक. नवऱ्याचं मागितलंच नाही.

शेवटच्या पानावर परताव्याचा आकडा आला. मी तो पासबुकाशी ताडला. बरोबर होता. खुर्चीत मागे टेकून एकटीच हसले. ह्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, "बघा."

विवरणपत्र जमा केलं. आता एकच गोष्ट राहिली होती, पडताळणी. ती केल्याशिवाय भरलेलं सगळं न भरल्यासारखंच धरतात. आधार क्रमांकाच्या मदतीनं करा, असं लिहिलं होतं. मी बटण दाबलं. 'तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.' मी माझ्या मोबाइलकडे बघत बसले. काही येईना.

मग डोक्यात प्रकाश पडला.

आधार कार्डं निघाली तेव्हा सानगडीच्या शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागलं होतं. आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत तिथेच होतो. ह्यांचं आधी शाळेतर्फे झालं होतं, म्हणून सासूबाई, जाऊ आणि मी अशा तिघी रांगेत गेलो. मशीनवाल्यानं मोबाइल नंबर विचारला. आमच्या कोणाकडे कुठे मोबाइल होता तेव्हा? घरात एकच, भासऱ्यांचा. तिघींनी तोच दिला. आमच्याच कशाला, आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांनी घरातल्या कर्त्या पुरुषाचा नंबर दिला होता. पुढे ज्यांची त्यांची कामं पडली तसे त्यांनी बदलून घेतले. माझं काम कधी पडलंच नाही, कारण माझं सगळं हे बघत.

म्हणजे माझा ओटीपी आत्ता सानगडीला, भासऱ्यांच्या खिशात होता.

जुलै संपत आला होता. आमच्या भागात या दिवसांत रोवणी चालते, भाताची लावणी. अख्खं गाव धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, गुडघाभर चिखलात असतं. मी जावेला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर तिनं उचलला.

"काय झालं वो? रोवणी सुरू हाये आमची, हात चिखलाचे."

मी म्हटलं, "ताई, त्यांच्या फोनवर एक ओटीपी आला असेल. माझ्या कामाचा आहे. तेवढा विचारून सांगा. पाव तासाच्या आत पाहिजे."

तिनं बांधीतूनच हाक मारली. पलीकडून भासऱ्यांचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट. "ओटीपी कोनाले सांगाचा नसते."

"अवो, तिचाच तं हाये!"

"तिचा हाये तं तिनं मांगाव. तू कोन मंधात?"

"आयकलं का?" जावेनं मला विचारलं. मी म्हटलं, ऐकलं. "पाय बाई आता. हा माणूस मलेबी देत नाही. गॅसचं केवायसी कराचं तं बाजूले बसून माह्या आधारचे आकडे मले इचारते."

ते खरं होतं. जावेकडून मी हे आधीही ऐकलेलं होतं. शेजारच्या आळीतल्या एकाचे पैसे फोनवरच्या भामट्यानं काढून घेतल्यापासून भासऱ्यांनी फार मनावर घेतलं होतं. त्यांच्या फोनवर घरच्या बायकांचे ओटीपी येत. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आकडे मात्र येतात. त्या निरोपात आधारचे शेवटचे चार आकडे असतात, हे त्यांनी कधीतरी हेरलं. तेव्हापासून नियम असा की जिचा ओटीपी तिनं यायचं, स्वतःचे चार आकडे सांगायचे, ते जुळले तर ओटीपी मिळणार. बायको असो नाहीतर आई असो. सासूबाई जिवंत होत्या तोवर त्यांनाही हे आकडे पाठ करावे लागले होते. जाऊ त्यांना 'ओटीपी साहेब' म्हणून चिडवायची.

पण त्या दुपारी मला त्यात काही गमतीचं दिसलं नाही. पाव तास निघून गेला, ओटीपी बाद झाला, आणि माझ्या मनात तेरवीचा तो दिवस फणा काढून उभा राहिला. म्हटलं, हा डाव आहे. मी मागायला यावं आणि त्यांनी म्हणावं, तुला कशाला हवं हे सगळं, आण इकडे कागद. थांबता आलं असतं, पडताळणीला पुढे महिनाभर मुदत असते. टॅक्सवाल्यांकडे जाता आलं असतं. नंतर कोणीतरी सांगितलं की बँकेतर्फेही पडताळणी होते, आधारच लागतं असं नाही. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हे फार बरं झालं.

मी ठरवलं, बोलायचं. पण त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हताच. ज्या नंबरावर सरकार मला शोधत होतं तो माझ्या फोनमध्ये नव्हता. कपाटातून ह्यांचा जुना मोबाइल काढला, चार्जिंगला लावला. तो सुरू होईपर्यंत स्वयंपाकघरात दोनदा चक्कर मारली. यादीत नाव होतं, 'भाऊ'. एवढंच. ते बघून डोळ्यांत पाणी आलं, पण मी ते पुसलं, कारण मला रागातच फोन करायचा होता. राग उतरला असता तर माझ्यानं झालं नसतं.

साइटवर पुन्हा ओटीपीचं बटण दाबलं आणि नंबर फिरवला.

"हलो," पलीकडून आवाज आला.

आणि माझा हात आपोआप वर गेला, डोक्यावर पदर घ्यायला. घरात मी एकटी. दार बंद. तरी पदर घेतला तेव्हाच तोंड उघडलं. पण हाक कोणत्या शब्दानं मारायची? मला शब्दच ठाऊक नव्हता. इतकी वर्षं त्यांना हाक मारायची वेळच आली नव्हती.

"कोन बोलून राह्यलं?"

"मी," मी म्हटलं. "लाखांदूर."

पलीकडून चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मागची बायकांची बडबड लांब गेली. मला वाटलं, फोन ठेवतात आता. मग ते खाकरले. विहिरीवर यायच्या आधी खाकरायचे, अगदी तसंच.

"चार आकडे सांग, बाई."

मी सांगितले.

"बराबर." आणि त्यांनी ओटीपी सांगितला. एकेक आकडा सावकाश, दोनदोनदा. मी तो टाकला, बटण दाबलं, आणि हिरवी खूण आली.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

आता ठेवतील म्हणून मी थांबले. त्यांनी ठेवला नाही. म्हणाले, "एक सांगाचं होतं. तेरवीच्या दिवशी लोकं म्हनत होते, तिचा व्यवहार तू पाय. मले तुलेच इचाराचं होतं, तुही काय मर्जी हाये. पन इचाराव कसं? बायकोच्या हातानं धाडाची गोष्ट नोहोती ते. म्हनून मी हो बी म्हनलं नाही, ना बी म्हनलं नाही. पोराच्या हाती तांदूळ धाडला. तूच सांगशीन म्हनून वाट पायत होतो."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी फोन घट्ट धरून उभी होते. दाराआडून मी ज्या गप्प बसण्याला हावरेपणा समजले होते, ते रीतीनं बांधलेल्या एका माणसाचं गप्प बसणं होतं. ओसरीवरच्या मंडळींपुढे काही ठरवून टाकणं सोपं होतं त्यांना. त्यांनी मला विचारल्याशिवाय ते केलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती म्हणून थांबून राहिले.

"माझं मीच करते," मी म्हटलं.

"मंग कर. आन हा माहा नंबर काढून टाक तुह्या आधारचा. तुह्या मोबाइलचा लाव. तुहा ओटीपी माह्या खिशात कायले पायजे?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी बसले आणि पोटभर रडले. ह्यांच्या जाण्यानंतर कोणी माझी मर्जी विचारली असेल तर ती या माणसानं, तेही भर रोवणीत.

संध्याकाळी जावेचा फोन आला, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. माझा फोन आला तेव्हा भासरे म्हणे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर चढले आणि जावेकडे, सगळ्याच रोवणाऱ्या बायकांकडे, पाठ करून उभे राहिले. फोन कानाला आणि तोंड तळ्याकडे. "तुह्यासमोर उभा असल्यासारखा खाली मान घालून बोलून राह्यला होता," ती म्हणाली. मी तिला माझ्या पदराचं सांगितलं नाही.

महिनाभरात परतावा खात्यात आला. त्याच आठवड्यात मी केंद्रावर जाऊन आधारला माझा नंबर लावून घेतला. भासऱ्यांचा नंबर मात्र मी माझ्या मोबाइलमध्ये घातला. नाव काय लिहावं यावर बराच विचार केला आणि 'दादा' लिहिलं. पोती पुन्हा त्यांच्याबरोबर येऊ लागली. ओसरीवर ते बसतात, चहा मी स्वतः नेऊन ठेवते. बोलणं फार होत नाही. पण तांदूळ कसा निघाला, पाणी कसं आहे, एवढं विचारते मी, आणि ते सांगतात. तोंड थोडं बाजूला करून सांगतात, पण सांगतात मलाच.

पुढे आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी विवरणपत्र भरायला माझ्याकडे येऊ लागल्या. मी भरून देत नाही. शेजारी बसते आणि त्यांनाच भरायला लावते. कोणी ओटीपी माझ्या हाती देऊ लागली तर ओरडते. कोणाचं बघून शिकले ते त्यांना माहीत नाही.

यंदा माझं सगळं लवकर उरकलं. ओटीपी माझ्याच फोनवर आला, मी टाकला, हिरवी खूण आली. एवढं सोपं झालं की थोडं सुनं सुनं वाटलं. मग मी सानगडीला फोन लावला.

"दादा, झालं माझं भरून."

"कोन बोलून राह्यलं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांनी चांगला ओळखला होता.

"मी, लाखांदूर."

"असं नाही चालत. आधी चार आकडे सांग."

मी हसत हसत सांगितले. सांगून झाल्यावर लक्षात आलं, पदर खांद्यावरच होता.

"बराबर," ते म्हणाले, आणि रोवणी कुठवर आली ते सांगू लागले.